पोटखराब्यातला तरवड

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील माण, खटाव, सांगोला, जत या तालुक्यांत, जेथे वर्षाकाठी 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही पुष्कळदा हुलकावणी देतो, तेथील ज्या मुरमाड माळांची महसुली दप्तराने ‘पोटखराबा’ म्हणून एकदाची वासलात लावली, त्याच माळांवर भाद्रपद-आश्विनात तरवड पिवळाधमक फुललेला असतो. पुरुषभर उंचीचे हे झुडूप. संयुक्त पर्णांच्या तळाशी कानाच्या पाळीसारखी रुंद उपपर्णे, चपट्या कागदी शेंगा आणि त्यांत कठीण कवचाची बीजे. लिनीअसने 1753 साली त्याची गणना कॅसिया वंशात केली; आजचे वनस्पतिशास्त्र त्याला सेना ऑरिक्युलाटा म्हणते.

मुळे खोल जातात हे खरे, परंतु माळावर तो टिकतो त्याचे श्रेय निम्मे त्याच्या तुरटपणाला दिले पाहिजे. गुरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत. म्हणून गायरानातील गवत मुळासकट खुरडले गेले तरी तरवड मागे राहतो, आणि जेथे तो दाट माजला आहे तेथे भूमीच्या सुपीकतेपेक्षा अतिचराईचीच साक्ष अधिक मिळते. शेंगावर्गीय असूनही त्याच्या मुळांवर नत्र साठविणाऱ्या गाठी नसतात, तेव्हा जमिनीला नत्र मिळावे म्हणून तो लावणाऱ्याच्या पदरी निराशाच यायची. माती धरून ठेवणे हे त्याचे खरे काम, आणि ते तो बिनबोभाट करतो.

त्याच्या फुलाचा कारभार मात्र मोठा चमत्कारिक आहे. त्यात मध नाही. दहा पुंकेसरांपैकी तीन वंध्य, आणि उरलेल्यांचे परागकोश सर्वसाधारण फुलांप्रमाणे उभे न उकलता केवळ टोकाशी सूक्ष्म छिद्रे ठेवतात. काळा भुंगा फुलाला बिलगून आपल्या उड्डाणस्नायूंचे असे स्फुरण करतो की, त्या कंपनाने पराग छिद्रांतून उधळले जातात. त्यांतले काही तो पिलांसाठी नेतो, काही त्याच्या अंगाला चिकटून दुसऱ्या फुलापर्यंत पोहोचतात. जवळ उभे राहिल्यास ही गुणगुण स्पष्ट ऐकू येते.

जनावरांना नकोसा असलेला हा तुरटपणाच मनुष्याने हेरला. सालीतील टॅनिनवर मद्रास इलाख्यातील कातडी कमावण्याचा धंदा दीर्घकाळ उभा होता, आणि तेथील फिक्या रंगाचे, अर्धकमावलेले कातडे जहाजे भरभरून विलायतेस जाई. पुढे दक्षिण आफ्रिकेतून वॅटल वृक्षाची अधिक टॅनिनयुक्त साल येऊ लागली, आणि तरवडाची मागणी ओसरली. सालीसाठी ओरबाडलेल्या झुडपांना ती मंदी, मला वाटते, पथ्यावरच पडली असावी.

आयुर्वेद त्याला ‘आवर्तकी’ म्हणतो आणि प्रमेहात त्याचा उपयोग सांगतो. तमिळ मुलखात सुकलेल्या फुलांचा काढा चहाप्रमाणे पितात. कोवळ्या फांद्यांची दातवणे आपल्याकडेही होत. नवरात्रात घटावर चढणाऱ्या माळांत तरवडाची फुले गुंफण्याची चाल आपल्या खेड्यांतून अजून आहे. तेलंगणात बतुकम्मा सणात स्त्रिया जो फुलांचा डोलारा रचतात, त्यात याच फुलांना अग्रमान असतो, आणि त्या राज्याने तर त्याला राज्यपुष्प केले आहे.

आपल्या टेकड्यांवर वनीकरणाच्या नावाखाली मध्य अमेरिकेतील गिरिपुष्पाची रोपे मात्र हारीने लावली गेली. तरवडाला रोपवाटिकेचीही गरज नाही: बी खरखरीत दगडावर घासून किंवा गरम पाण्यात भिजवून मृगाआधी बांधावर टाकले, तरी ते रुजते.