‘करतो’ आणि ‘करवून घेते’

मनाचे दिव्यांगत्व टक्क्यांत मोजता येते का, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. सरकारदरबारी त्याचे उत्तर ‘येते’ असेच आहे. ते मोजल्याशिवाय दाखला नाही आणि दाखल्याशिवाय पुढचे काही नाही. हे मोजमाप कसे होते आणि ते चुकले असे वाटले तर काय करायचे, एवढेच आज सांगायचे आहे.

१९९५ च्या कायद्याने मानसिक आजाराला अपंगत्वाच्या यादीत जागा दिली. २०१६ चा नवा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यातल्या एकवीस प्रकारांतही तो आहेच. जागा मिळाली, तरी उंबरठा आहे चाळीस टक्क्यांचा. आपल्याकडच्या संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगाला २०२५ च्या ऑक्टोबरपासून दरमहा २५०० रुपये ठरले. पण दाखल्यावर चाळीसपेक्षा कमी आकडा आला की तहसील कचेरीतला कारकून अर्ज बाजूला ठेवतो. त्याचाही इलाज नसतो.

आमच्या काष्टीच्या शनिवारच्या बाजारात बैल घेणारा माणूस दात बघतो, चार पावले चालवून बघतो, मग बोलणी करतो. हात-पाय-डोळे तपासतानाही डॉक्टरांना असे काही बघायला मिळते. मनाचे तसे नाही. म्हणून भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने एक मोजपट्टी तयार केली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘आयडियाज’ म्हणतात. केंद्र सरकारने ती २००२ साली स्वीकारली आणि आजही दाखले तिच्यावरच निघतात.

मोजपट्टी तशी सोपी आहे. चार गोष्टी बघायच्या: स्वतःची निगा, माणसांशी वागणे, बोलणे-समजणे आणि काम. प्रत्येकीला शून्य ते चार गुण. जितकी अडचण मोठी तितके गुण जास्त. यात आजाराच्या काळाचे एक ते चार गुण मिळवायचे. एकूण वीस. एक ते सहा गुण म्हणजे चाळीस टक्क्यांच्या आत. सात ते तेरा म्हणजे चाळीस ते सत्तर टक्के. त्यापुढे तीव्र. थोडक्यात, सहा आणि सात यांच्यामध्ये पेन्शन उभी असते.

आता समजा, तिशीतला एक तरुण आहे. स्किझोफ्रेनिया, चार वर्षांपासून. आईबरोबर एसटीने नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, साठ-सत्तर किलोमीटर आला आहे. आईने पहाटे त्याला न्हाऊ घातले, दाढी करायला लावली, इस्त्रीचा सदरा घातला. मोठ्या दवाखान्यात जायचे, चार लोकांत बरे दिसावे, हा साधा विचार. डॉक्टर विचारतात, ‘आंघोळ करतो का?’ आई म्हणते, ‘करतो की.’ ‘जेवतो?’ ‘जेवतो.’ ‘काही काम?’ ‘चुलत्याच्या उसाला दारं धरायला जातो.’ चारही ठिकाणी एकेक गुण आणि काळाचे दोन. सहा झाले. दाखला आला, पण चाळीसच्या आतला.

कविता करणाऱ्याला क्रियापदांचा नाद असतो, तेव्हा हे बोलतो. आईचे ‘करतो’ खोटे नाही, पण पुरेही नाही. खरे क्रियापद आहे ‘करवून घेते’. ती पाणी काढते, हाताला धरून मोरीत नेते, ‘अंगावर घे’ म्हणून दहा वेळा सांगते. ताटापुढे बसवून ‘खा’ म्हणते, तेव्हा तो खातो. उसाला जातो, पण मागून धाकटा भाऊ जातो आणि पाण्याचे दारे तोच मोडतो. आणि मोजपट्टीच्या टिपणांत हे लिहिलेलेच आहे: लावल्याशिवाय धुणे नाही, सांगितल्याशिवाय खाणे नाही, ही अवस्था सौम्य नव्हे, तीव्र धरायची. तिथे एक नव्हे, तीन गुण पडायला हवेत. एवढ्या एका दुरुस्तीने सहाचे आठ होतात.

माझा आक्षेप मोजपट्टीवर नाही. ती वापरण्याच्या घाईवर आहे. रोग्याची सर्वांत जवळून काळजी घेणाऱ्या माणसाशी नीट बोला, जुने कागद बघा, असे तिच्यातच अपेक्षित आहे. गर्दीच्या दिवशी रांगेतल्या माणसाच्या वाट्याला काही मिनिटे येतात. त्यात आईला ‘करतो का’ विचारायचे की ‘कसा करतो, कुणी सांगितल्यावर करतो’ असे विचारायचे, यावर सगळे ठरते. घरकाम करणाऱ्या बाईचे तर विचारूच नका. कामाच्या रकान्यात तिच्यासाठी वेगळी नोंद आहे. पण ‘दोन भाकरी थापते’ एवढ्यावर ती कामाची ठरते. चूल कुणी पेटवली, पीठ कुणी मळले, करपलेली भाकरी कुणी उतरवली, हे विचारायचे राहून जाते.

काळाचाही एक गुण असाच निसटतो. दोन ते पाच वर्षांना दोन गुण, सहा ते दहा वर्षांना तीन. वर्षे आजार सुरू झाल्यापासून मोजायची, पण कागद दवाखान्यात पाऊल पडल्यापासूनचा असतो. त्याआधीची वर्षे कुठे गेली? आमच्यातले दर्ग्याला नेतात, तुमच्यातले देवऋष्याकडे. खरे पाहता दोन्ही ठिकाणी दोघेही दिसतात. तिथे गंडा मिळतो, अंगारा मिळतो, चिठ्ठी मिळत नाही. तेव्हा शाळा कधी सुटली, नोकरीवरून कधी काढले, याचा जो कागद घरात असेल तो जोडावा.

२०२४ साली पूजा खेडकर यांच्या दाखल्यांवरून गदारोळ झाला. त्यात मानसिक आजाराचाही उल्लेख होता आणि नगरच्या जिल्हा रुग्णालयाचे नावही आले. ते प्रकरण न्यायालयात गेले आहे, त्यावर बोलायचे नाही. पण तेव्हापासून चहाच्या टपरीवरही ऐकू येते, ‘डोक्याचा दाखला कुणीही काढतो.’ संशय वाढला की तपासणी कडक होते, ते ठीकच. मात्र पढवून आलेला माणूस नेमकी उत्तरे देतो आणि खऱ्या रोग्याची आई लाजून ‘करतो की’ म्हणते. नुसत्या कडकपणात मार कुणाला बसतो, ते आपणच ठरवा.

सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी, महाराष्ट्रातल्या ओंकार गोंड या विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाच्या खटल्यात, निव्वळ टक्क्यांच्या आकड्यावर माणसाला नाकारू नका, तो प्रत्यक्षात काय करू शकतो ते मंडळाने पाहावे, असे सांगितले. तो खटला वाचादोषाचा होता आणि त्याला आकडा जास्त म्हणून अडवले होते. आपल्या तरुणाला आकडा कमी म्हणून अडवले आहे. प्रश्न तोच, आकड्यामागे काय पाहिले?

दाखला नाकारला तर कारणे लेखी द्यायची, असा नियम आहे. ती मागून घ्यावीत. २०१६ च्या कायद्याच्या कलम ५९ नुसार निर्णयाविरुद्ध राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. मुदत आणि रीत राज्य ठरवते, म्हणून कागद हातात पडताच चौकशी करावी. दाखल्यावर फक्त टक्के असतात. चारही रकान्यांत किती किती गुण दिले, ती नोंद मागावी, गरज पडली तर माहितीच्या अधिकारात. आणि अपिलाच्या अर्जात ‘माझ्या मुलावर अन्याय झाला’ एवढेच लिहून थांबू नये. सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत कोण पाणी काढते, कोण घास भरवते, गोळी कुणाच्या हातून जाते, रानात मागून कोण जाते, हे महिनाभर वहीत टिपून ती वही अर्जाला जोडावी.