पोर्तो पायी, एका दिवसात

पोर्तुगालचं पोर्तो डोरो नदीच्या उतारावर वसलंय, त्यामुळे चालण्याचा क्रम चुकला की पिंढऱ्या बोलू लागतात. सुरुवात क्लेरिगोसच्या ७५ मीटर उंच मनोऱ्यापासून करा आणि उतरत साओ बेंतो स्टेशनात या.

इथे मात्र घाई नको. भिंतीभर जवळपास २० हजार निळ्या-पांढऱ्या फरशा, चित्रकार जॉर्ज कोलासो. १४१५ च्या सेउता विजयाचं भव्य चित्र आणि खालून बॅगा ओढत धावणारे प्रवासी! पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेतली फरशांवरची चित्रंही याच कोलासोची.

मग कॅथेड्रलवरून लुईस पुलाच्या वरच्या मजल्यावर. हा १८८६ चा पूल लोक आयफेलच्या नावावर खपवतात. आराखडा त्याचा जुना भागीदार सेरिग याचा. शेजारून मेट्रो जाते, फोटोच्या नादात रुळांवर रेंगाळू नका.

पलीकडे गाया, पोर्ट वाइनची कोठारं. द्राक्षरस आंबत असतानाच ब्रँडी मिसळतात; आंबणं थांबतं, साखर उरते, म्हणून ही वाइन गोड. पूर्वी पिंपं वरच्या खोऱ्यातून राबेलो होड्यांनी यायची.

परतताना खालचा मजला घ्या. रिबेरा धक्क्यावर एक काशाचा फलक आहे. १८०९ मध्ये फ्रेंच फौजेपुढे पळणारी गर्दी होड्यांच्या पुलावर लोटली आणि असंख्य माणसं बुडाली. लोक अजून तिथे मेणबत्त्या लावतात.

लेलो हे पुस्तकांचं दुकान सुंदर आहे, पण तिकीट आणि रांग पाहता मी तरी एका दिवसात ते सोडून देईन. पावसात दगडी उतार निसरडे होतात, बूट पकड असलेलेच घाला.