आधी बघायचं, मग उघडायचं

महाबळेश्वरजवळच्या मांघरला २०२२ साली ‘मधाचं गाव’ ही ओळख मिळाली. या डोंगरांत सातेरी मधमाशी पाळायला शिकणाऱ्याचा, जांभूळ फुलल्यावरचा हा एक दिवस.

सकाळी ७. पेट्यांच्या घोडीच्या पायांखालच्या वाट्यांत पाणी भरायचं, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. मग दाराच्या बाजूला बसून नुसतं बघायचं. माश्या पायांवर परागाच्या गोळ्या आणत असतील, तर आत बहुधा पिल्लांना भरवणं चालू आहे.

८.३०. धुराडं पेटवायचं. गोणपाट धुमसलं पाहिजे, भडकता कामा नये. “धूर आधी स्वतःच्या हातावर घ्या. चटका बसला तर माशीलाही बसेल,” शिकवणारे मधपाळ काका सांगतात. धुरानं माश्यांचा एकमेकींना इशारा देणारा वास झाकला जातो, म्हणून दोन-तीनदा फुंकलं की पुरतं.

९.३०. पेटीच्या मागे उभं राहून झाकण काढायचं. कडेची चौकट आधी बाहेर, म्हणजे बाकीच्या सरकवायला जागा होते. चौकट उभीच धरायची. आडवी केली तर मधानं जड झालेलं कोवळं पोळं तुटतं. नवशिका राणी शोधत राहतो. काका मात्र सूर्य पाठीशी घेऊन पोळ्यातल्या घरांच्या तळाशी बघायला लावतात. तिथं बारीक पांढरं अंडं दिसलं की पुरे. अंडं तीन दिवसांत फुटतं. म्हणजे राणी तीन दिवसांपूर्वीपर्यंत नक्की होती. चौकट परत जागेवर.

११. डंख बसतोच. काटा नखानं लगेच खरवडून काढायचा, कारण विषाची पिशवी माशीपासून तुटल्यावरही विष सोडत राहते. अंगभर गांधी उठल्या किंवा दम लागला, तर थेट दवाखाना.

दुपारी २. तळपाट खरवडायचा. साचलेल्या मेणाच्या भुश्शात मेणकिडा वाढतो, आणि तो वाढला की सातेरी घर सोडते.

४. मध काढायचा तो वरच्या मधकोठीतलाच. खालच्या कोठीतलं अन्न माश्यांचं आहे. घरं मेणानं बंद झालेली असतील तरच मध पिकलेला. मध काढताना खोलीच्या दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, नाहीतर वासानं दुसऱ्या पेट्यांतल्या माश्या लुटायला येतात. सुरीनं टोपणं कापून चौकटी यंत्रात फिरवल्या की मध बाहेर पडतो आणि पोळं शाबूत राहतं. ते परत पेटीत जातं. पोळं पिळून मध घेतला असता, तर माश्यांना नवं मेण घडवण्यात पुष्कळ मध खर्चावा लागला असता.

६.३०. वही. पेटीवार नोंद: अंडी, अन्न, मेणकिडा, नवी राणीघरं. वारंवार डिवचलेली सातेरी उडून जाते, म्हणून आज तपासलेली पेटी आता आठवडाभर उघडायची नाही. मधपाळाचं खरं कसब मला इथं दिसतं: पेटी बंद असतानाही तिची काळजी घेता येणं. सकाळची दारावरची नजर आणि ही वही, एवढ्यावर ते जमतं. नवशिक्यानं मधाआधी हेच कमवावं.