शपथ नाकारणारा बॅरोनेट

आयरिश राजकारणी सर ऑस्मंड ग्रॅटन एस्मंड १९३६ साली गेले तेव्हा चाळीस वर्षांचे होते. वडिलांकडून आलेली ‘सर’ ही पदवी त्यांनी जेमतेम दहा महिने वापरली. पण ब्रिटनच्या राजाच्या नावाची शपथ त्यांना त्याआधीच दोनदा आडवी आली होती.

बॅरोनेट म्हणजे कोण?

नावाआधी ‘सर’ लावण्याचा, बापाकडून मुलाकडे जाणारा वंशपरंपरागत हक्क असलेला माणूस. आपल्याकडे मुंबईच्या जमशेटजी जीजीभॉय घराण्याला १८५७ साली हाच मान मिळाला. बॅरोनेट म्हणजे लॉर्ड नव्हे. त्यामुळे ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहात आयती जागा नाही, पण कनिष्ठ सभागृहाची निवडणूक लढवता येते.

या पदवीचा जन्मच आयर्लंडच्या निमित्ताने झाला. उत्तर आयर्लंडातल्या अल्स्टर प्रांतातल्या फौजेसाठी पैसा हवा, म्हणून पहिल्या जेम्स राजाने १६११ मध्ये ती विकायला काढली. किंमत १,०९५ पौंड, म्हणजे तीस शिपायांचा तीन वर्षांचा पगार. एस्मंडांकडे ती १६२९ मध्ये आली.

घराणं

आयर्लंडच्या वेक्सफर्ड परगण्यातलं बॅलिनास्ट्रा हे एस्मंडांचं ठिकाण. अँग्लो-आयरिश म्हटलं की प्रॉटेस्टंट जमीनदार डोळ्यांसमोर येतो. एस्मंड मात्र कॅथलिक. राजाशी त्यांचं नातंही सरळ नव्हतं. याच घराण्यातले डॉक्टर जॉन एस्मंड राजाच्या पलटणीत अधिकारी असूनही १७९८ च्या ब्रिटिशांविरुद्धच्या बंडात सामील झाले आणि डब्लिनच्या पुलावर फासावर गेले. दुसऱ्या एका एस्मंडाने मात्र राजघराण्याच्या बाजूने लढत क्रिमियाच्या युद्धात व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिश शौर्यपुरस्कार मिळवला.

बाप-लेक आणि ऑस्ट्रेलिया

ऑस्मंडचे वडील सर थॉमस चौदाव्या वर्षी बॅरोनेट आणि तेविसाव्या वर्षी खासदार झाले. वेस्टमिन्स्टरमध्ये, म्हणजे लंडनच्या ब्रिटिश संसदेत बसून, सनदशीर मार्गाने आयर्लंडला स्वराज्य मिळवायचं, हा त्यांचा पक्ष. त्यासाठी निधी गोळा करायला ते १८८९ मध्ये सहकारी खासदार जॉन डिलन यांच्याबरोबर ऑस्ट्रेलियात फिरले.

मुलाने वेस्टमिन्स्टरवर बहिष्कार टाकून स्वतंत्र आयर्लंड मागणाऱ्या शिन फेन पक्षाची वाट धरली, आणि १९१८ मध्ये वडिलांची जागा हिसकावली ती शिन फेननेच! त्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर काय बोलणं होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी. १९२१ मध्ये ऑस्मंड डब्लिनच्या बंडखोर संसदेचा दूत म्हणून सिडनीला पोचला. राजनिष्ठेची शपथ घ्या, मग उतरा, असं ऑस्ट्रेलियाच्या सरकारने बजावलं. त्याने नकार दिला आणि बोटीवरून त्याला उतरूच दिलं नाही.

आग आणि शपथ

त्याच वर्षअखेरीस ब्रिटनशी करार झाला, देश करारवादी आणि करारविरोधक असा दुभंगला आणि यादवी पेटली. सर थॉमस नव्या राज्याचे सिनेटर झाले. करारविरोधकांनी सिनेटरांची घरं जाळायचा सपाटा लावला होता. मार्च १९२३ मध्ये बॅलिनास्ट्राही जळालं. म्हणजे शिन फेनच्या दूताचं घर त्याच्याच कालच्या सोबत्यांच्या हातून गेलं.

पाचच महिन्यांनी ऑस्मंड वेक्सफर्डमधून करारवाद्यांतर्फे निवडून आला. करारानुसार सभासदाला आधी राज्यघटनेशी निष्ठेची आणि त्यापाठोपाठ पंचम जॉर्ज राजाशी इमान राखण्याची शपथ घ्यावी लागे. सिडनीच्या धक्क्यावर नाकारलेली गोष्ट, शब्द थोडे मवाळ करून, डब्लिनमध्ये त्याने पत्करली. याला मी ढोंग म्हणणार नाही. परक्या सरकारने बंदरावर मागितलेली शपथ आणि आपल्याच संसदेच्या दारात मोजलेली किंमत, यांत फरक आहे. करारविरोधकांना तो मान्य नव्हता. १९२७ मध्ये मात्र त्यांचे नेते डी व्हॅलेरा यांनीही तीच शपथ ‘नुसती औपचारिकता’ ठरवून सभागृहात पाऊल टाकलं.

जून १९२७ मध्ये ऑस्मंड हरला, सप्टेंबरमध्ये परत आला आणि अखेरपर्यंत सभासद राहिला. शपथ १९३३ मध्ये रद्द झाली.

नंतर

ऑस्मंड अविवाहित होता. पदवी घराण्यातच पुढे सरकत जॉन लिम्ब्रिक एस्मंड यांच्याकडे पोचली. हे १९१५ मध्ये, ऐन विशीत, वेस्टमिन्स्टरचे खासदार झाले होते. तिथे राजाची शपथ घेतल्याशिवाय बसता येत नसे. १९३७ मध्ये ते वेक्सफर्डमधून डब्लिनच्या संसदेत निवडून गेले, तेव्हा त्यांना कोणी शपथ विचारली नाही.