कचेरीमागून आलेली सरहद्द

नाशिकहून वणीमार्गे सापुताऱ्याकडे निघालेला प्रवासी हातगडाच्या पायथ्याचे गाव मागे टाकतो न टाकतो तोच राज्य बदलते. दुकानांच्या पाट्यांवरील अक्षरांची शिरोरेखा नाहीशी होते आणि दारूबंदीच्या मुलखातला प्रवेश सुरू होतो. याखेरीज बदलत मात्र फारसे काही नाही. सागाचे रान तेच, उतारावरची नागली-वरईची शेते तीच. कोकणा, भिल्ल आणि वारली यांची वस्ती दोन्ही अंगांना, आणि डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात रात्रभर वाजणारी पावरीही दोहोंकडे एकच.

ही रेघ निसर्गाने आखली म्हणावी, तर सुरगाणा आणि पेठ या तालुक्यांचा मोठा भाग सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर आहे आणि तिथल्या नार, पार या नद्यांचे पाणी गुजरातेतून समुद्राला मिळते; भाषेने आखली म्हणावी, तर डांगी आणि कोकणा बोलींना मराठीची म्हणावे की गुजरातीची, यावर वाद घालणाऱ्यांनी दोन्ही बाजूंनी पुरावे गोळा केले आणि ते दोन्ही बाजूंना सापडलेही. ग्रियर्सनने तर आपल्या भाषिक सर्वेक्षणात खानदेशीला मराठीच्या खंडात न बसवता भिल्ली भाषांच्या शेजारी बसविले होते. माझ्या मते, या रेघेचे खरे जनकत्व कचेरीकडे जाते. कोणत्या मुलखाचे दफ्तर कोणत्या साहेबाच्या टेबलावर होते, एवढ्या एका गोष्टीने येथील पुष्कळसे भवितव्य ठरले.

आपण ज्याला नाशिक जिल्हा म्हणतो तोच मुळी 1869 चा. अहमदनगर आणि खानदेश या दोन जिल्ह्यांचे महाल तोडून इंग्रजांनी तो जुळविला. मुल्हेरच्या बागुल राजांनी 1638 पर्यंत ज्यावर राज्य केले ते बागलाण त्यात आले, आणि घरात अहिराणी बोलणारा तिथला शेतकरी कागदोपत्री नाशिककर झाला. पेठची कथा याहून विलक्षण आहे. भोवती सारा आदिवासी मुलूख, गादीवर मात्र मुसलमान झालेले दळवी घराणे. 1857 च्या उठावात या गादीशी संबंधित भगवंतराव फासावर गेले आणि 1878 मध्ये याच घराण्यातील बेगमच्या निधनानंतर संस्थान खालसा होऊन नाशिकचा तालुका बनले. देशमुखांचे सुरगाणा स्वतंत्र संस्थान राहिले खरे, पण नाशिकचा कलेक्टरच त्याचा पोलिटिकल एजंट असल्यामुळे 1948 च्या विलीनीकरणात ते नाशिकच्या पदरात पडले, यात कोणाला नवल वाटले नाही.

शेजारच्या डांगाचे दैव निराळे. तिथल्या भिल्ल राजांशी इंग्रजांनी 1842 पासून जंगलाचे पट्टे केले, ते सागासाठी. आणि त्यांच्यावरील देखरेख प्रथम खानदेशातून होत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी ती सुरतेकडे गेली. तेव्हा हा केवळ कारभाराच्या सोयीचा बदल होता. पण 1949 मध्ये मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांनी डांगाचा दौरा करून तो मुलूख गुजरातीला जवळचा असल्याचा निर्वाळा दिला, तेव्हा मराठी पक्षाने कितीही संताप केला, तरी सुरतेची वहिवाट अर्धे शतक आधीच पडून गेली होती. 1 मे 1960 रोजी डांग गुजरातेत गेले. होळीच्या सुमारास आहव्याला भरणाऱ्या डांग दरबारात त्या राजांच्या वंशजांना आजही मानपूर्वक सालिना दिला जातो. कलेक्टर बदलले, राज्य बदलले, दरबार मात्र टिकला.

कागदाची ही सत्ता आपल्याकडेच आहे असे नव्हे. 1659 च्या पिरेनीज तहाने स्पेनने फ्रान्सला जी गावे दिली, त्यांत यिव्हिया हे 'शहर' असल्याचा मुद्दा काढून स्पेनने ते राखले, आणि आजही चहूबाजूंनी फ्रान्सने वेढलेले ते स्पॅनिश गाव तसेच उभे आहे.

आपल्या सरहद्दीवरचा वाद मात्र आता मोठ्या मंडळींच्या हातून निसटून गावकऱ्यांच्या हाती आला आहे. पार-तापी-नर्मदा जोडयोजनेला सीमेच्या दोन्ही बाजूंच्या आदिवासींनी विरोध केला, कारण बुडणारे रान त्यांना एकच दिसत होते. याउलट 2022 च्या डिसेंबरात सुरगाणा तालुक्यातील काही गावांनी आम्हाला गुजरातेत घाला अशी मागणी केली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या भाषाभिमान्यांना धक्का बसला. त्यांनी मागणीची कारणे वाचली असती तर बसला नसता. तक्रार मराठीविषयी नव्हती, रस्ते, पाणी, वीज आणि दवाखाना यांविषयी होती. पलीकडची बाजारपेठ जवळ आणि इकडचे जिल्ह्याचे ठिकाण घाट चढून दूर, एवढा साधा हिशेब त्यामागे होता, आणि त्याचे उत्तर भाषणांनी नव्हे, डांबरी रस्त्याने द्यावे लागेल, हे सरकारी खात्यांनाही ठाऊक असणारच.