फर रोपांतील मूळकूज व रोगप्रतिकार
फायटॉफ्थोरा सिनॅमोमाय या कवकसदृश जीवामुळे होणारा रोग. त्याची चल बीजुके जमिनीतील पाण्यातून पोहत कोवळ्या मुळांपर्यंत जातात. त्यामुळे निचरा नसलेल्या चिकण जमिनीत तो झपाट्याने पसरतो. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात नाताळवृक्ष म्हणून लावला जाणारा फ्रेझर फर (ॲबीज फ्रेझरी) त्यास सहज बळी पडतो. दूषित जमीन पुन्हा रोगमुक्त करणे जवळजवळ अशक्य असते. जपानी मोमी फर (ॲ. फर्मा) मात्र बराच प्रतिकारक्षम आहे, परंतु त्याची पाने टोचतात व वसंतात लवकर फुटलेले अंकुर थंडीने करपतात, म्हणून तो नाताळवृक्ष म्हणून चालत नाही. यास्तव मोमीच्या खुंटावर फ्रेझरचे कलम करतात. असे रोप अर्थातच महाग पडते.