मॉर्फिनची गोळी आणि घोटीचा रस्ता

नाशकाला देशभरातून माणसे येतात ती गेलेल्यांचे करायला. रामकुंडावर अस्थिविसर्जन, घाटावर दशक्रिया, त्र्यंबकेश्वरी श्राद्ध. कुठल्या गावच्या कुठल्या कुळाचे उपाध्याय कोण, हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्यांत नोंदलेले. मृत्यूनंतरच्या तेरा दिवसांची इतकी चोख व्यवस्था असलेल्या या जिल्ह्यात मृत्यूच्या आधीच्या तेरा आठवड्यांची व्यवस्था काय, हा प्रश्न भूलतज्ज्ञ म्हणून आयुष्य काढलेला मी कित्येक वर्षे विचारतो आहे. संपादकांनी कॅन्सरच्या रुग्णांच्या वेदनाशमनाचा आढावा मागितला, तेव्हा तोच धागा धरून लिहायचे ठरवले.

मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांची वेदना शमवणाऱ्या आधुनिक हॉस्पिसची सुरुवात 1967 साली लंडनच्या सेंट ख्रिस्तोफर्समध्ये झाली, डॉ. सिसिली साँडर्स यांच्या हातून. वेदना फक्त गाठीची नसते. कर्जाची असते, भीतीची असते, मागे राहणाऱ्या पोरांच्या काळजीची असते, आणि या सगळ्यांवर एकत्रच उपचार करावे लागतात, हे त्यांनी वैद्यकाला शिकवले. आपल्याकडे हा विचार यायला 1986 साल उजाडले. त्या वर्षी मुंबईत वांद्र्याला डॉ. एल. जे. डिसूझा यांनी ‘शांती अवेदना सदन’ सुरू केले. भारतातले ते पहिले हॉस्पिस. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनेवरील औषधांची शिडी जाहीर केली. पॅरासिटामॉलच्या पायरीपासून मॉर्फिनच्या पायरीपर्यंत, औषध शक्यतो तोंडाने आणि घड्याळ लावून. दुखायला लागल्यावर द्यायचे नाही, दुखू नये म्हणून द्यायचे. चाळीस वर्षे होत आली, तरी या साध्या नियमात भर घालावी असे फारसे काही सापडलेले नाही.

पुण्यात वारजे येथे 1997 पासून सिप्लाचे असेच केंद्र विनामूल्य चालते. तिथली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे रुग्णाबरोबर घरचे माणूस राहते आणि जखम धुण्यापासून नळीतून भरवण्यापर्यंत सगळे शिकून घरी जाते. मुंबईच्या टाटा रुग्णालयात या विषयातले, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचे (दुःखशामक सेवेचे), एम.डी.चे शिक्षण 2012 मध्ये सुरू झाले. 2019 पासून एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमातही त्याला जागा मिळाली. बाकी समित्या, परिपत्रके आणि कार्यशाळांची जंत्री मी वाचकांच्या माथी मारत नाही.

मात्र मॉर्फिनची हकिगत सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मंदसौर-नीमचच्या पट्ट्यात सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते. अशा या देशात 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने रुग्णाच्या तोंडची गोळी काढून घेतली. कायद्याचा रोख तस्करांवर होता, पण शिक्षेच्या धास्तीने औषध दुकानदारांनी आणि रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर जवळपास 97 टक्क्यांनी घसरला. चार-पाच परवाने लागत, तेही वेगवेगळ्या खात्यांचे. शेवटचा हातात पडेपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली असे. या अडथळ्यांविरुद्ध सर्वांत चिकाटीने लढले केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांचे सहकारी. 2014 मध्ये कायदा सुधारला. आता राज्याच्या औषध नियंत्रकाकडून एकदा मान्यता घेतली की रुग्णालयाला मॉर्फिन ठेवता येते. कायद्यातली गाठ सुटली. आमच्या डॉक्टरांच्या मनातली तशीच आहे.

‘पेशंटला व्यसन लागेल’ हे वाक्य मी नाशकातल्या वैद्यकीय बैठकांत इतक्यांदा ऐकले आहे की त्याचे उत्तर मला पाठ झाले आहे. कॅन्सरच्या वेदनेसाठी नीट मात्रेत, तोंडाने, वेळेवर दिलेल्या मॉर्फिनने व्यसन लागण्याची भीती फार थोडी असते. बद्धकोष्ठ मात्र हमखास होते. म्हणून पहिल्या गोळीबरोबरच जुलाबाचे औषध लिहायचे, आणि तेही इसबगोल नव्हे. त्याने त्रास वाढतो. हे माहीत नसलेला डॉक्टर आठवड्याने ‘गोळी मानवली नाही’ म्हणून मॉर्फिन बंद करतो आणि रुग्ण पुन्हा रात्रभर भिंतीला डोके टेकून बसतो. एका सभेत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी माझी ओळख ‘अफूचे डॉक्टर’ अशी करून दिली होती. मला त्याचे वाईट वाटले ते माझ्यासाठी नाही. सभागृहात बसलेले तरुण डॉक्टर त्या दिवशी काय शिकले असतील, यासाठी.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या भागाकडे येतो. केरळने 2008 मध्ये पॅलिएटिव्ह केअरचे धोरण जाहीर केले, आणि त्यानंतर 2012 मध्ये असे धोरण आणणारे महाराष्ट्र हे दुसरे राज्य. त्या धोरणाचा पहिला सरकारी प्रयोग आमच्या जिल्ह्यात, इगतपुरी तालुक्यात झाला. इगतपुरी म्हटले की लोकांना विपश्यना आठवते, कसारा घाट आठवतो. मला आठवतात त्या घोटीच्या पुढच्या चिखलातल्या वाड्या आणि पाठीवर औषधांची पिशवी घेऊन जाणाऱ्या सिस्टर. दिवसाचा नेम साधा होता. आशाताईंनी घरे शोधायची, सिस्टरनी जखम बघायची, गोळ्या द्यायच्या, घरच्यांना शिकवायचे. डॉक्टरची गरज पडेल तिथेच डॉक्टरने जायचे. मी त्यांच्याबरोबर जायचो, बरेचदा नुसता बघायला.

एक घर सांगतो. आवणीचे दिवस, पाऊस कोसळत होता, घरातली कर्ती माणसे भाताच्या खाचरात. म्हातारीची बाज गोठ्यात, गुरांशेजारी. जन्मभर मिश्री लावलेली. गालाचा कॅन्सर आरपार फुटून जखम बाहेर आलेली. वासाने घरात जेवण जाईना म्हणून मुलाने बाज गोठ्यात हलवली होती, आणि त्या लाजेने तो आमच्याशी मान वर करून बोलत नव्हता. सिस्टरनी त्याला एका शब्दाने दुखावले नाही. पाणी उकळून त्यात मीठ घालायला लावले. टर्पेंटाइनचा बोळा जखमेच्या तोंडाशी धरला, अळ्या वर आल्या तशा चिमट्याने एकेक काढल्या. मग मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या खलात बारीक कुटून ती पूड जखमेवर पसरली आणि सुनेला म्हणाल्या, “ताई, उद्या हे तुम्ही करायचं, मी नुसती बघणार.” काही रुपयांचे औषध. तीन-चार दिवसांत वास गेला आणि बाज गोठ्यातून पडवीत आली.

मॉर्फिन दर चार तासांनी द्यायचे होते आणि घरात घड्याळ नव्हते. मोबाइल मुलाबरोबर शेतात. आशाताईंनी तिथल्या तिथे वेळापत्रक बसवले: सकाळची पहिली एस.टी. गेली की एक गोळी, शाळेची घंटा झाली की दुसरी, दुपारची एस.टी. आली की तिसरी, गुरे परतली की चौथी, आणि निजताना दोन एकदम, म्हणजे मध्यरात्री कुणाला उठायला नको. कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा हे वेळापत्रक मी जास्त वेळा विद्यार्थ्यांना सांगितले आहे. आजी पुढे काही आठवडे जगल्या. शेवटच्या भेटीत त्या नातीची वेणी घालत बसल्या होत्या आणि सून शेजारी तांदूळ निवडत होती. कॅन्सर तेवढाच होता, किंबहुना वाढला होता. जीवनाचा दर्जा म्हणून ज्यावर परिषदांत प्रश्नावल्या वाटल्या जातात, तो मी त्या पडवीत पाहिला.

म्हणूनच ‘जिल्ह्याला एक भव्य हॉस्पिस हवे’ असा धोशा लावणाऱ्या मित्रांशी माझे कधी पटले नाही. खाटा लागतात, ते मला मान्य आहे. ज्याला घर नाही, ज्याच्या घरी करणारे कोणी नाही, ज्याची वेदना गोळ्यांनी आटोक्यात येत नाही, त्याला खाट हवीच. पण इमारतीला देणगीदार मिळतो, कोनशिला बसते, फोटो निघतो. सिस्टरच्या गाडीच्या पेट्रोलला देणगीदार मिळत नाही. पंचवीस खाटांचे हॉस्पिस उभारण्यात ज्यांची पाच वर्षे जातात, त्यांच्या तालुक्यांतली किती माणसे त्या पाच वर्षांत ओरडत मेली, याचा हिशेब कुठल्याच अहवालात नसतो. केरळात 1993 साली कोझिकोडला एका लहान सोसायटीने काम सुरू केले. ते वाढले ते शेजारपाजारच्या स्वयंसेवकांवर आणि घरभेटींवर, पुढे पंचायतींनी ते आपले मानले. आपल्याकडे गणेश मंडळे आहेत, भजनी मंडळे आहेत, महिला बचत गट आहेत. माणसांची वाण महाराष्ट्राला नाही.

दुसरा वाद वेळेचा. ‘आता आमच्याकडे काही करण्यासारखे उरले नाही, पॅलिएटिव्हला न्या’ असे सांगून शेवटच्या आठवड्यात पाठवलेला रुग्ण हा या शास्त्राचा अपमान आहे. 2010 साली बोस्टनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या 151 रुग्णांपैकी ज्यांना निदानापासूनच ही सेवा मिळाली, ते कमी खिन्न राहिले, त्यांच्यावर शेवटी आक्रमक उपचार कमी झाले, आणि तरीही ते सरासरी 11.6 महिने जगले, इतर 8.9 महिने. किमोच्या पहिल्या दिवशीच वेदनेचा, उलटीचा, झोपेचा आणि पैशांचा विचार करणारे कोणीतरी त्या टेबलाशी बसलेले हवे.

आणि खरे बोलणारे कोणीतरी हवे. “डॉक्टर, बाबांना काही सांगू नका,” असे मुलगा दाराबाहेर म्हणतो. आत बाबा हळूच विचारतात, “पोरांना कळलंय का हो?” दोघांनाही माहीत असते, आणि दोघेही एकटे असतात. अशा घरात कुणाच्या नावे काय करायचे राहिले, कुणाला भेटायचे राहिले, हे शेवटपर्यंत राहूनच जाते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली मृत्युपूर्व इच्छापत्राला मान्यता दिली, 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली. पण इच्छा कागदावर यायच्या आधी ती तोंडून यावी लागते, आणि तेवढी उसंत देणारा डॉक्टर आज दुर्मिळ झाला आहे.

पूर्वी रेडिएशनसाठी आमचे रुग्ण पहाटे उठून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठत. कोणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळवी, कोणी परळच्या फूटपाथवर पथारी टाकी. आज नाशकात शालिमारचे संदर्भ सेवा रुग्णालय आहे, खासगी कॅन्सर रुग्णालये आहेत, यंत्रे आहेत, महात्मा फुले योजनेतून मोठे उपचार मोफत होतात. हे मोठेच काम झाले. पण योजनेत पैसे आहेत ते ऑपरेशनला, किमोला, रेडिएशनला. वेदना विचारत घरी जाणाऱ्या सिस्टरचे पैसे त्यात कुठे आहेत? महामार्गावर कॅन्सरवर मात केल्याचे फलक लागतात, आणि त्याच महामार्गाच्या आतल्या वाड्यांत शेवटच्या, निरुपयोगी किमोसाठी गहाण पडलेल्या जमिनी मी पाहतो.

इगतपुरीच्या प्रयोगानंतर कार्यक्रम इतर जिल्ह्यांत गेला, आणि आता आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांच्या यादीतही पॅलिएटिव्ह केअर आहे. यादी वाढली, पाय थकले. शिकवून तयार केलेल्या सिस्टरची बदली होते आणि तिच्या जागी येणारीला हा विषयच माहीत नसतो. कंत्राटावरची माणसे नूतनीकरणाच्या चिंतेत असतात. आशाताईंवर इतक्या नोंदी लादल्या आहेत की रुग्णाजवळ बसायला त्यांना वेळच उरत नाही. हाताने जखम धुऊन जे दोन आठवड्यांत शिकवले जायचे, ते आता एका दुपारच्या पडद्यावरच्या चित्रांत उरकते. याचे मला मनापासून दुःख होते.

वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या घरी किंवा शेजारी कॅन्सरचा रुग्ण वेदनेत असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा: “तोंडाने घ्यायचे मॉर्फिन देता का? नसेल तर कुठे मिळते?” उत्तर टाळले तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. आणि तुमच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाला मॉर्फिन ठेवण्याची मान्यता आहे का, ती गोळी आज कपाटात आहे का, हे रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्या बैठकीत लेखी विचारा. अर्जाला एक पान पुरते.